उद्घाटनानंतरचा सातबारा

जमिनीच्या नोंदी संगणकात आणण्याची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ साली देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यात वर्धा जिल्हा होता. तलाठ्याच्या सहीशिक्क्याची गरज नसलेला, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा शेतकऱ्याला घरबसल्या मिळू लागला तो १ मे २०१८ पासून. मधे जवळजवळ तीस वर्षं गेली. या तीस वर्षांत यंत्रं आली, जुनी झाली, पुन्हा नवी आली, आज्ञावल्या बदलल्या, तहसील कार्यालयांत फिती कापल्या गेल्या, पेढे वाटले गेले. मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागले आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं एका तालुक्यात ई-फेरफारची ‘डीबीए’ होते, म्हणजे तालुक्याच्या जमीन-नोंदींचा संगणकातला साठा माझ्या जबाबदारीत होता. प्रकल्प सुरू होणं आणि त्याचा लोकांना उपयोग होणं यांत किती अंतर पडतं, हे मी त्या टेबलावरून रोज पाहिलं.

हे फक्त सरकारी खात्यांतच घडतं असं नाही. सहकारी बँक नवी संगणकप्रणाली घेते, दवाखान्यात केसपेपर जाऊन कार्ड येतं, कारखान्यात नवी कामाची पद्धत लागू होते. सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष असतं, पैसा असतो, वरिष्ठ रोज विचारतात. सहा महिन्यांनी विचारणारं कुणी उरत नाही. हार्वर्डचे प्राध्यापक जॉन कॉटर यांनी १९९५ साली एक लेख लिहिला होता, संस्थांमधले बदल का फसतात यावर. त्यांनी सांगितलेल्या आठ चुकांपैकी एक म्हणजे विजय फार लवकर जाहीर करणं. प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा मला आमचे ‘१०० टक्के काम पूर्ण’ असे अहवाल आठवले. माझं म्हणणं एवढंच आहे की बदल टिकवायचा तर दोन गोष्टी कराव्याच लागतात. जुनी वाट बंद करावी लागते आणि नव्या वाटेची राखण रोज कुणीतरी नावानिशी करावी लागते. पहिली करायला धाडस लागतं, दुसरीला चिकाटी. सातबाऱ्याच्या बाबतीत दोन्हींना उशीर झाला, आणि त्याची किंमत शेतकऱ्यानं मोजली.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातवर जमीन कुणाची, किती, तिच्यावर बोजा कुणाचा, कुळ कोण हे असतं, बारावर पिकं. हा कागद स्थिर नसतो. खरेदीखत होतं, कुणी वारतं, भावाभावांत वाटणी होते, सोसायटीचं कर्ज चढतं आणि फिटतं. प्रत्येक वेळी तलाठी नमुना सहाला फेरफाराची नोंद घालतो, संबंधितांना नोटिसा काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतो, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर किंवा रद्द करतो. मंजूर झाली की सातबारा बदलतो. एखाद्या मोठ्या गावात वर्षाला शेकड्यानं फेरफार पडतात. म्हणजे आज सगळे सातबारे बिनचूक टंकून काढले आणि उद्यापासून फेरफार मात्र वहीतच पडत राहिले, तर वर्षभरात ती सगळी मेहनत शिळी होते.

नेमकं हेच आधी झालं. कर्नाटकातही पहिल्या प्रयत्नात नोंदी एकदाच भरल्या गेल्या, रोजच्या फेरफारांची सोयच नव्हती, आणि तो प्रयत्न मागे पडला. २००१ साली तिथं ‘भूमी’ सुरू झाली. राजीव चावला हे सनदी अधिकारी त्यामागे होते. सुमारे दोन कोटी उतारे, तालुक्याच्या ठिकाणी खिडकी, एका उताऱ्याला पंधरा रुपये, हे सगळ्यांना दिसलं. माझ्या दृष्टीनं ‘भूमी’चं मर्म वेगळं होतं. तालुका संगणकावर आला की तिथला हस्तलिखित उतारा कायद्यानं बाद ठरवला गेला. जुन्या कागदाला किंमतच उरली नाही, त्यामुळे खालच्या कर्मचाऱ्याला परतीची वाट राहिली नाही. फेरफाराचे अर्जही आले त्या क्रमानंच हाताळायचे होते. ओळखीच्याचा आधी, बिनओळखीच्याचा नंतर असं करायला यंत्रणेत जागा ठेवली नव्हती. काम करणाऱ्याला अंगठ्याचा ठसा देऊनच आत जाता येई, म्हणजे कुणी काय केलं ते उमटत होतं. उद्घाटनाच्या दिवशी यातलं काही दिसत नाही. वर्षानुवर्षं जो फरक पडला तो यामुळे.

आमच्याकडे बराच काळ दोन सातबारे नांदले. एक तलाठ्याच्या दप्तरात, शाईनं लिहिलेला. दुसरा तहसीलच्या संगणकात. शेतकरी दोन्हीकडून नक्कल घेई आणि दोन्ही जुळत नसत. जुळणार कशा? फेरफार वहीत आधी पडे, संगणकात जमेल तेव्हा. शिवाय पहिली भरणी करणारी मुलं बाहेरची, टंकलेखनात तरबेज, पण महसुली भाषा त्यांना अपरिचित. क्षेत्राच्या रकान्यात ०.४० च्या जागी ०.०४ पडलं की शेतकऱ्याचा एकर कागदावर चार गुंठ्यांवर यायचा. ‘इतर हक्कां’तला विहिरीचा हिस्सा, जाण्यायेण्याचा रस्ता, हे लांबलचक मजकूर म्हणून कापले जायचे. आणि ‘ए.कु.मॅ.’ ही तीन अक्षरं. एकत्र कुटुंब मॅनेजर. जुन्या काळी वडील वारले की थोरल्याचं नाव कुटुंबाच्या वतीनं लागे, आणि नावापुढे ही अक्षरं असत. टंकणाऱ्यानं ती निरर्थक समजून सोडली की थोरला भाऊ एकटा मालक झाला आणि बाकीचे भाऊ कागदावरून गेले.

२०१७ साली गावोगाव चावडी वाचन झालं. संगणकातला प्रत्येक सातबारा गावासमोर मोठ्यानं वाचायचा, लोकांनी चुका सांगायच्या, त्या नोंदवून घ्यायच्या. मला हा सगळ्या प्रकल्पातला सर्वांत शहाणपणाचा टप्पा वाटतो. एका गावातलं वाचन मला अजून स्वच्छ आठवतं. मराठी शाळेच्या व्हरांड्यात तलाठी भाऊसाहेब खातेवार वाचत होते. पुरुषमंडळी पुढे, बायका मागे खांबाला टेकून. एका गटाचं वाचन झालं आणि मागून एक म्हातारी म्हणाली, “भाऊसाहेब, थोरल्या दिराचं नाव वाचलं, आमच्या मालकांचं न्हाई वाचलं.”

भाऊसाहेबांनी पुन्हा पाहिलं. “आजी, एकच नाव आहे याच्यात.”

“आवं, नांगर आम्हीच धरतोय की तिथं चाळीस वरसं.”

थोरल्या दिराचा मुलगा समोरच बसला होता. तो गप्प राहिला. भाऊसाहेबांनी कपाटातून आणलेलं जुनं दप्तर सोडलं. पिवळट पानावर, निळ्या शाईत, थोरल्याच्या नावापुढे ती तीन अक्षरं होती. त्यांनी पान लोकांकडे फिरवून दाखवलं. मग मुलगाच म्हणाला, “हाय बरोबर. काकांचा बी हिस्सा हाय.” भाऊसाहेबांनी लाल शाईनं यादीत नोंद घेतली, खाली त्या मुलाची सही घेतली. पुढे जुना फेरफार क्रमांक शोधून तहसीलदारांचा कलम १५५ खालचा आदेश झाला, ती अक्षरं परत आली, मग वाटपाचा अर्ज, काकांच्या मागे वारसांची नोंद आणि त्यात आजीबाईंचं नाव. एका व्हरांड्यात दहा मिनिटांत जे कळलं, ते कळलं नसतं तर त्या घरात पुढची पंधरा वर्षं दिवाणी दावा चालला असता. मोठमोठ्या प्रकल्पांचं मोल मी अशा गोष्टींत मोजते.

चावडी वाचनातून निघालेल्या याद्या हाती आल्या आणि खरं काम सुरू झालं. संगणकातून विसंगती शोधणारे अहवाल निघत, त्यांना आम्ही ओडीसी म्हणायचो. सातबाऱ्यावरच्या खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळत नाही, असे गट एका यादीत. फेरफार मंजूर झाला पण सातबाऱ्यावर अंमल नाही, असे दुसऱ्यात. प्रत्येक ओळीमागे दप्तर काढायचं, हस्तलिखिताशी ताडायचं, दुरुस्ती सुचवायची, वरून मंजुरी घ्यायची. सगळं जुळलं की तलाठ्यानं घोषणापत्र द्यायचं की माझ्या गावाचे संगणकीय सातबारे हस्तलिखिताशी तंतोतंत जुळतात. त्या घोषणापत्रावर सही करताना कितीतरी तलाठ्यांचा हात थबकलेला मी पाहिलाय, आणि मला त्या थबकण्याचा आदर वाटला. सही झाली की जबाबदारी कायमची.

या माणसांबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. आता त्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी असं झालं आहे. बदल त्यांच्या खांद्यावर आला तेव्हा त्यांचं जुनं काम कुणी कमी केलं नाही. वसुली, पंचनामे, निवडणूक, पीक पाहणी, दुष्काळाच्या याद्या सगळं चालू, आणि वर संगणक. आमच्या तालुक्यात दिवसा सर्व्हर इतका मंद चाले की मंडळी रात्री जेवून बसायची. एक तलाठी बाई होत्या, लेक दहावीला. त्या रात्री एकपर्यंत नोंदी करून सकाळी सजावर हजर. डेटा कार्डाचे पैसे खिशातून. अशा वेळी वरून ‘कर्मचाऱ्यांचा बदलाला विरोध आहे’ असं म्हटलं जातं. मी जवळून पाहिलंय. विरोध बदलाला नव्हता, दुप्पट कामाला होता. वही पण लिहा आणि संगणक पण भरा, हे महिनोन्‌महिने चाललं की कुणीही एकात हयगय करणारच, आणि माणूस सवयीच्या कामाच्या बाजूनंच झुकतो. ज्या गावांत फेरफार फक्त संगणकातच घालायचा असं ठरलं आणि वही कुलुपात गेली, तिथल्या तलाठ्यांची तक्रार दोनतीन महिन्यांत बदलली. ‘हे कशाला’ थांबलं आणि ‘हा बोजा कमी करायचा पर्याय कुठंय’, ‘नोटीस आपोआप का निघत नाही’ असे प्रश्न यायला लागले. त्या प्रश्नांनी मला पहिल्यांदा खात्री पटली की गाडी मार्गावर आली.

त्या प्रश्नांना उत्तर देणारं माणूस लागतं. आमच्याकडे दर सोमवारी दुपारी तलाठी बसायचे, अडलेले गट घेऊन. यात मोठं काही नव्हतं: एक संगणक, एक मोठा तक्ता, अडचण, गाव, कुणाकडे, कधी सुटली. पुढच्या सोमवारी आधी गेल्या सोमवारचा तक्ता. सुटलेली अडचण सगळ्यांना सांगायची, म्हणजे तीच दुसऱ्या गावात अडत नाही. जी आमच्या आवाक्याबाहेरची ती जिल्ह्याला लेखी. मला वाटतं कोणत्याही संस्थेनं प्रकल्प सुरू करतानाच हे ठरवावं की पुढची तीन वर्षं हा तक्ता कोण भरणार, त्याचा पगार कुठून होणार आणि तो रजेवर गेला तर कोण. अंदाजपत्रकात यंत्रांना रक्कम असते, प्रशिक्षणाला असते, उद्घाटनाच्या मांडवालाही असते. या माणसाला नसते.

आणि माणसं बदलतात. महाराष्ट्रात २००५ सालचा बदल्यांचा आणि विलंबाला प्रतिबंध करणारा कायदा आहे. एका पदावर सर्वसाधारण मुदत तीन वर्षं. याच कायद्यात फाइल एका कर्मचाऱ्यानं कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त अडवू नये असंही आहे. तीन वर्षांची मुदत रास्त आहे, पण सुधारणा करणारा अधिकारी गेला की त्याची सुधारणा त्याच्या सामानाबरोबर जाते, असं किती वेळा घडतं! नव्या साहेबांचा नवा उपक्रम, नवं नाव. जुना चांगला होता का, हे कुणी विचारत नाही.

याला अपवाद म्हणून महसुलात अजून ज्यांचं नाव निघतं ते अनिलकुमार लखीना. १९८० च्या दशकात ते नगरचे (आताचं अहिल्यानगर) जिल्हाधिकारी होते. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या कागदांचे ढीग, कोण कुठे बसतं, आलेल्या माणसाला कुठं जायचं हे कळतं का, कोणत्या कामाची पायरी कोणती, हे सगळं त्यांनी नव्यानं लावलं. ‘लखीना पॅटर्न’ हे नाव मी नोकरीला लागले तेव्हा ज्येष्ठांच्या तोंडी होतं. आम्हाला शिकवली गेलेली दप्तराची शिस्तही त्याच जातकुळीची. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत: निर्णय व्हायचा आहे ती प्रकरणं, कुणाच्या उत्तराची वाट आहे ती, ठरावीक काळानं पाठवायची विवरणं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे. अभिलेखांचे अ, ब, क, ड वर्ग. ‘अ’ कायमचा ठेवायचा, ‘ड’ वर्षभरानंतर नष्ट. कुणालाही, दुसऱ्याच्या टेबलावरही, पाच मिनिटांत कागद सापडला पाहिजे.

माझ्या अनुभवात ही शिस्त ज्या कार्यालयात टिकली तिथं ती कुणा साहेबाच्या आवडीवर उभी नव्हती. ती दप्तर तपासणीच्या नमुन्यात आली होती. तपासणी अधिकारी आला की गठ्ठे पाहणारच, आणि शेरा सेवापुस्तकापर्यंत जाऊ शकतो. नव्या कारकुनाला रुजू झाल्या आठवड्यात शेजारचा ज्येष्ठ ती दाखवायचा. पुढे चंद्रकांत दळवी पुण्याचे विभागीय आयुक्त असताना ‘झिरो पेंडन्सी’ मोहीम झाली. कपाटं रिकामी झाली, वर्षानुवर्षं पडून असलेली प्रकरणं निघाली. मोहिमेचा जोर विलक्षण असतो आणि तो हवाच. पण मोहीम संपते त्या दिवशी तिच्यातलं काय तपासणीच्या छापील नमुन्यात उतरवलं, हे मी विचारेन. नमुन्यात उतरलेलं उरतं.

मोजायचं काय, हाही प्रश्न आहे. किती सातबारे भरले, किती गावं ऑनलाइन झाली, हे आकडे लवकर शंभरावर पोचतात आणि मग लोक थांबतात. मी आमच्या तालुक्यात वेगळं विचारायला सुरुवात केली: याच कामासाठी हा माणूस दुसऱ्यांदा का आला? एका खरिपाच्या तोंडावर खिडकीशी रांग लागली होती. सगळ्यांकडे डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे होते, पंधरा रुपये भरून काढलेले, कायद्यानं ग्राह्य. तरी सगळे तलाठ्याच्या शिक्क्यासाठी आले होते, कारण कर्ज देणाऱ्या एका शाखेला शिक्का हवा होता. तिथल्या साहेबांकडे आम्ही गेलो, परिपत्रक दाखवलं, त्यांच्याच संगणकावर तो उतारा पडताळून दाखवला. त्यांनाही भीती होती की तपासणीत आक्षेप निघेल, आणि ती भीती खोटी नव्हती. पडताळणी कशी करायची ते एका कागदावर लिहून त्यांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं. रांग ओसरली. सातबाऱ्यात त्या दिवशी एका अक्षराचा फरक पडला नव्हता, पण माझ्या मते त्या गावांसाठी प्रकल्प त्या दिवशी सुरू झाला.

कायद्याचा आधारही टिकायला मदत करतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं अधिसूचित सेवांना मुदत घालून दिली, अपिलाची सोय केली आणि कसूर केल्यास पाचशे ते पाच हजार रुपयांचा दंड ठेवला. दंडापेक्षा मला त्यातली मुदत महत्त्वाची वाटते. किती दिवसांत हे लिहिलेलं असलं की खिडकीबाहेरच्या माणसाला विचारायला तोंड मिळतं.

आज हीच परीक्षा ई-पीक पाहणीची चालू आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून, बांधावर उभा राहून, पिकाचा फोटो काढून नोंद करू लागला. सातबाऱ्यातला ‘बारा’ ज्याच्या शेतात पीक आहे त्याच्याच हाती आला, ही कल्पनाच मला फार मोठी वाटते. पण ज्यांच्याकडे तसा फोन नाही, ज्यांच्या बांधावर रेंज नाही, ज्या विधवा बाईची जमीन खंडानं दुसरा कसतो, त्यांच्या नोंदी कोण करतं आणि वेळेत होतात का, हे दर हंगामात गावागावांत बघायला हवं. नुकसानभरपाई, विमा, हमीभावाची खरेदी, सगळं त्या नोंदीवर येऊन ठेपतं.

वाचकांपैकी ज्यांची शेती आहे त्यांनी एक काम करावं. आपला संगणकीय सातबारा काढावा, आणि घरात, पेटीत, वडिलांच्या पिशवीत असलेली हस्तलिखित नक्कल त्याच्याशेजारी ठेवावी. ती नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून घ्यावी. नावं, नावांपुढची अक्षरं, क्षेत्र, आकार, पोटखराबा, इतर हक्क असं ओळीनं ताडावं. बहिणींची नावं आहेत का ते आवर्जून पाहावं. जुना फिटलेला बोजा अजून दिसत असेल तर सोसायटीचा किंवा बँकेचा दाखला घेऊन तो उतरवावा. तफावत लेखनप्रमादाची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज द्यावा, जुन्या सातबाऱ्याची आणि संबंधित फेरफाराची नक्कल जोडावी, आणि अर्जाची पोच तारखेसह घ्यावी.